ड्रम म्हणजे बँडवाल्याचं काम? मग जरा ऐका



यंदा माऊलीच्या यात्रेला गुंजीच्या घरी सगळे जमलो होतो. पुण्याहून आम्ही, बेळगावहून धाकटा भाऊ, वास्कोहून आतेबहीण. पंगत बसली होती आणि धाकट्याची मुलगी, वय तेरा, भाताचा घास घेता घेता म्हणाली, "मला ड्रम शिकायचाय."

एवढंच. पण पंगतीत कुणीतरी शिवी दिल्यासारखी सगळ्यांची तोंडं झाली. एका काकूंनी विचारलं, "ड्रम? ते बँडवाल्यांचं?" दुसरे म्हणाले, "तबला लाव की. नाहीतर पेटी. आपल्या घरात शोभंल असं काहीतरी." तिसऱ्यांनी थेट निकाल दिला, "पोरीच्या जातीला हे असलं काय गं? आपले संस्कार काय, हे धांगडधिंग्याचं वाद्य काय!" पोरगी गप्प बसली. मीही गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याला एक जुनं कारण आहे, ते शेवटी सांगतो. पण त्या दिवशी बोललो नाही म्हणून आज लिहितोय. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

आधी "बँडवाल्यांचं" या शब्दाचं बघू.

होय, ड्रम बँडवाल्यांचाच. जाझचा ड्रमसेट जन्माला आला तो अमेरिकेत, मिरवणुकीच्या बँडमधून. आधी एक जण गळ्यात मोठा ढोल अडकवायचा, दुसरा लहान ड्रम काठ्यांनी वाजवायचा, तिसरा झांजा मारायचा. पुढं नाचघरांत, थेटरांत जागा कमी आणि पैसेही कमी. मग एकाच माणसानं सगळं वाजवायला सुरुवात केली. 1909 साली लुडविग बंधूंनी मोठा ढोल पायानं वाजवायचं पेडल बाजारात आणलं आणि हात मोकळे झाले. म्हणजे ड्रमसेट हा तीन-चार बँडवाल्यांचं काम एकट्यानं करायचा उद्योग आहे. यात लाजण्यासारखं काय आहे, मला कळत नाही.

आणि आपण बेळगाववाले कुठल्या तोंडानं बँडला नावं ठेवतो? मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याच बेळगावात. त्यांचा बँड निघाला की आपण पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतो, उर भरून येतो. त्यातला साइड ड्रम आणि ड्रमसेटमधला स्नेअर एकाच घरातले. गणवेशातल्या माणसानं वाजवला तर अभिमान आणि आपल्या पोरीनं वाजवला तर धांगडधिंगा? शिवजयंतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा चालतो. गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर अंगाला हादरे बसेपर्यंत हीच मंडळी नाचतात. त्या भिंतीतून निघणारा ठोका कुठल्या वाद्याचा असतो, ते एकदा कान देऊन ऐका.

आता संस्कारांचं.

शोभा गुर्टू हे नाव आपल्या पिढीला सांगावं लागत नाही. ठुमरीची राणी. जन्म 1925, आपल्या बेळगावात. माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर, व्यावसायिक नृत्यांगना, आणि गाणं शिकलेल्या साक्षात अल्लादियाखाँसाहेबांकडे. शोभाताईंना तालीम मिळाली ती खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे. लग्न झालं विश्वनाथ गुर्टूंशी. सासरे नारायण नाथ गुर्टू बेळगावात पोलीस खात्यात मोठे अधिकारी, स्वतः सतार वाजवायचे. 'सामना' सारख्या मराठी चित्रपटासाठी शोभाताई गायल्या, 'पाकीजा' साठी गायल्या. 1987 ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 2002 ला पद्मभूषण. बेळगावात गाण्याचा विषय निघाला की कुमार गंधर्वांच्या पाठोपाठ हे नाव घेऊन आपण कॉलर ताठ करतो.

आता त्यांच्या मुलाचं नाव सांगा बघू.

पंगतीत मी मनात हाच प्रश्न विचारत होतो. दहातल्या नऊ जणांना येणार नाही. मुलाचं नाव त्रिलोक गुर्टू. 1951 ला मुंबईत जन्म. जगातल्या जाझच्या माणसांना तालवाद्यांमधली मोठी नावं विचारली तर त्यात हे नाव येतंच येतं.

हा माणूस लहानपणी तबला शिकला. घरात ठुमरी, दादरा, कजरी. पण साठच्या दशकात मुंबईत परदेशी रेकॉर्डी यायला लागल्या होत्या. जिमी हेंड्रिक्सचा रॉक त्यानं ऐकला, अमेरिकेतल्या काळ्या गायकांची गाणी ऐकली, मग जाझ ऐकलं. भाऊ रवीबरोबर तालवाद्यांचा गट काढला. गंमत अशी, की एकाच वादकाला चार वेळा वेगवेगळं वाजवायला लावून स्टुडिओत ते एकावर एक चढवतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला वाटायचं, हे सगळं एकच माणूस एका दमात वाजवतोय. मग तोही सगळं एका दमात वाजवायला बसला!

त्यातून त्याची बैठक तयार झाली. स्टुलावर बसून वाजवायचं नाही. जमिनीवर, अर्धवट गुडघ्यावर. एका बाजूला तबला, समोर ड्रम, वर झांजा, आणि शेजारी चक्क पाण्याची बादली. वाजवलेली झांज पाण्यात बुडवायची, की सूर वाकून खाली येतो. शंखशिंपल्यांची माळ पाण्यातून काढायची. आपल्या न्हाणीघरातली बादली त्यानं जगातल्या मोठमोठ्या सभागृहांत नेऊन ठेवली.

सत्तरच्या दशकात तो युरोपात गेला. एम्ब्रियो या जर्मन रॉक बँडबरोबर वाजवलं, जाझवाल्या चार्ली मारियानो आणि डॉन चेरीबरोबर वाजवलं. पुढं हॅम्बुर्गला घर केलं. 1984 ला 'ओरेगॉन' या अमेरिकन गटाचा तालवादक कॉलिन वॉलकॉट अपघातात गेला. तो स्वतः सतार आणि तबला वाजवणारा. त्याच्या जागी त्रिलोक आला आणि त्या गटाच्या तीन रेकॉर्डी त्यानं केल्या. मग जॉन मॅक्लॉफ्लिन या गिटारवाल्याबरोबर तिघांचा संच. 1989 ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी जे वाजवलं त्याची रेकॉर्ड आजही मिळते, ऐका. त्यात तो मध्येच तोंडानं बोल म्हणतो आणि तेच बोल ड्रमवर काढतो. आपला धा तिरकिट जाझमध्ये सरळ चालत जातो, कुठं अडखळत नाही. पुढं जो झाविनुल, पॅट मेथेनी, आणि नंतर गॅरी मूरसारखा रॉकचा गिटारवाला. 'डाउनबीट' हे अमेरिकेतलं जाझचं जुनं मासिक, त्याच्या समीक्षकांनी त्याला एकदा नव्हे, अनेकदा सर्वोत्तम तालवादक ठरवलं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. 1988 ला त्याची स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड आली, 'उसफ्रेत'. डॉन चेरीचा कर्णा, राल्फ टाउनरची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन. आणि गायला कोण? शोभा गुर्टू. आई. साठी ओलांडलेली, नुकताच अकादमीचा पुरस्कार मिळालेली बाई, मुलाच्या जाझच्या रेकॉर्डवर गायली.

अल्लादियाखाँच्या घराण्याची तालीम घेतलेल्या त्या बाईचे संस्कार मुलाच्या ड्रमनं बुडाले नाहीत, आणि आमचे मात्र तेरा वर्षांच्या पोरीच्या एका वाक्यानं धोक्यात आले!

खरं सांगू का, हा संस्कारांचा प्रश्नच नाही. मेनकाबाईंच्या काळी आपल्यासारखी घरंदाज मंडळी असल्या कलावंत बायकांच्या गाण्याला माना डोलवायची आणि त्यांना उंबऱ्याच्या बाहेर ठेवायची. पन्नास वर्षांनी पुरस्कार मिळाला की "आमच्या बेळगावच्या" म्हणून हार घालायचा. आजही तेच चाललंय. कला आपल्याला हवी, ती दुसऱ्याच्या घरात पिकलेली हवी. म्हणूनच त्रिलोक गुर्टू "आपला" असं मी मुळीच म्हणणार नाही. तो मुंबईत वाढला, परदेशात राबला, आपण त्याला एक काठीसुद्धा घेऊन दिली नाही. 1956 पासून आपण सीमाभागातले लोक मराठी पाटीसाठी, मराठी शाळेसाठी भांडतोय, ते भांडलंच पाहिजे. पण मराठी घरात जन्मलेलं पोर काही नवं मागतं तेव्हा त्याला आपण काय देतो, हेही कधी विचारायला हवं की नको?

आता माझं कारण.

1983 च्या सुमाराची गोष्ट. मी चौदा वर्षांचा. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, तेव्हा वीस-एकवीसचा. गावच्या भजनात पखवाजाला तोच. कामासाठी आपल्याकडची पोरं गोव्याला जातात तसा तोही मीटरगेजच्या गाडीनं लोंढ्यावरून वास्कोला गेला, हॉटेलात लागला. तिथं लग्नाला वाजवणारा एक म्हातारा गोवेकर ड्रमवाला त्याला भेटला. रात्री भांडी घासून झाली की दादा त्याच्याकडं जायचा. चवथीला घरी आला तो पिशवीत दोन काठ्या घेऊन.

दुपारी सगळे झोपले की तो माडीवर चढायचा. भाताचं पोतं हा मोठा ढोल, उलटा डबा हा स्नेअर, आणि पत्र्याच्या परातीचं झाकण ही झांज. मला म्हणायचा, "बघ गा, पखवाजात दोन हातच. हितं पायबी बोलतात." एक पाय एक म्हणतोय, दुसरा दोन, उजवा हात तिसरंच काही. मी खुळ्यागत बघत बसायचो. "तात्यांना सांगू नको हं," एवढंच म्हणाला होता.

थोरल्या तात्यांनी एकदा मला विचारलं, "दुपारचं कुठं असतोय तो?" मी सांगून टाकलं. मला कुणी मारलं नव्हतं, दरडावलंही नव्हतं. तात्यांनी मला शहाणा म्हणावं, एवढ्यासाठी सांगितलं. संध्याकाळी त्या दोन काठ्या न्हाणीच्या चुलीत गेल्या. "वाजंत्री व्हायचंय काय तुला?" एवढंच तात्या बोलले. दादा परत वास्कोला गेला नाही. शेती बघितली, पुढं खानापुरात कौलांच्या कारखान्यात लागला. आणि भजनात पखवाजाला तो परत कधी बसला नाही. लोकांनी बोलावलं, विनवण्या केल्या. तो टाळ घेऊन मागं उभा राहायचा.

दादाचा त्रिलोक गुर्टू झाला असता असं मी म्हणत नाही. बहुतेक नसताच झाला. लग्नातला साधा वादक झाला असता. पण ते त्याला व्हायचं होतं.

म्हणून आता उरलेल्या आक्षेपांना पटापट उत्तर देतो. आवाज होतो? सरावाला रबराचं पॅड मिळतं, शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. पोट भरत नाही? तबल्यानं किती जणांचं भरतं? तबला लावताना तर हा हिशेब कुणी काढला नाही. मुलीचं काम नाही? भात लावताना, मळणी काढताना, घागरी वाहताना आमच्या बायकांचे हात कुणाला नाजूक वाटले नव्हते.

त्या पंगतीत दादाही होता. माझ्या समोरच. सगळे बोलत असताना त्यानं मान वर केली नाही, पण त्याची बोटं ताटाच्या काठावर हळूहळू चालली होती. चाळीस वर्षांनी.

पुण्याला आल्यावर मी त्याला फोन केला. त्या चहाडीची माफी मागितली. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्ये जाऊ दे. पोरीला आधी काठ्या घेऊन दे की. ड्रम मागनं बघू."

काठ्या घेतल्या. पॅडही घेतलं. काल बेळगावला पाठवून दिलं, धाकट्याला न विचारता. तो रागावेल, रागावू दे.

तुमच्या घरात असं कुणी होतं का, ज्याचं वाद्य चुलीत गेलं? असलं तर लिहा. आणि ते माणूस हयात असेल तर आधी त्याला फोन करा.