रंग भिंतीला, वाफ छातीला

खोलीला ऑइलपेंट मारला की रात्री आपण तिथंच झोपतो. दुसरी खोली आहे कुठं? तो उग्र वास नवेपणाचा नाही, टर्पेंटाइनच्या वाफेचा आहे. त्यानं डोकं दुखतं, दमा उसळतो. म्हणून आम्ही म्हणतो, कमी वाफेचा रंग ही बंगल्यातली चैन नाही. त्याची खरी गरज वस्तीला आहे. पाण्यात कालवायचा, डब्यावर ‘लो व्हीओसी’ लिहिलेला रंग मागा. परवडत नसेल तर चुन्याची सफेदी करा. घरगुती रंगातल्या शिशावर २०१७ पासून कायद्याची कडक मर्यादा आहे, पण भिंतीवरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. ते लेकरांच्या मेंदूला घातक. जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून खरवडा. रंगारीही आपलाच भाऊ. त्याच्यासाठी दार-खिडकी उघडी ठेवा.