अकबराचे दोन चित्रपट

ऐतिहासिक चित्रपट प्रदर्शित झाला की आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नावर वाद पेटतो : पडद्यावर दाखविले ते खरोखर घडले होते काय? प्रश्न गैर नाही. पण तो अपुरा आहे. इतिहासाशी अधिक इमान राखणारा चित्रपट आपोआप श्रेष्ठ ठरत नाही आणि दंतकथेवर उभा असलेला चित्रपट आपोआप त्याज्य ठरत नाही. याची साक्ष पटविण्यास हिंदी चित्रसृष्टीतील दोन लोकप्रिय कृती पुरेशा आहेत. के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) आणि आशुतोष गोवारीकर यांचा ‘जोधा अकबर’ (२००८). दोहोंचा विषय एकच सम्राट आहे, दोन्ही मुंबईच्या चित्रव्यवसायाने प्रचंड खर्चाने घडविले आणि दोहोंना देशभर प्रेक्षक लाभला. या दोहोंत थोर कोणता, याचे उत्तर शोधताना ऐतिहासिक चित्रपटाकडून समाजाने काय मागावे, हाही प्रश्न उलगडत जातो.

केवळ दप्तराच्या कसोटीवर पाहिले तर पारडे ‘जोधा अकबर’कडे झुकते. १५६२ साली सांभर येथे अंबरच्या राजा भारमलाच्या कन्येशी अकबराचा विवाह झाला, हे निर्विवाद आहे. आधमखानाला गच्चीवरून दोनदा खाली लोटून देण्याची भीषण शिक्षा त्याच वर्षीची. यात्राकर १५६३ मध्ये आणि जिझिया १५६४ मध्ये उठविण्यात आला, हेही इतिहासाला मान्य आहे. अकबराला लिहिता-वाचता येत नव्हते, ही गोष्टही चित्रपटाने लपविलेली नाही. नावाचा घोळ मात्र आहे. भारमलाच्या या कन्येला तत्कालीन फारसी ग्रंथ ‘जोधा’ म्हणत नाहीत. ‘मरियम-उझ-जमानी’ हा तिचा किताब. जोधबाई म्हणून ओळखली जाणारी राणी मारवाडच्या मोटा राजा उदयसिंहाची कन्या, जहांगिराची पत्नी आणि शहाजहानची माता होती. या एका नावावरून २००८ साली राजपूत संघटनांनी आंदोलन केले, राजस्थानात चित्रपट लागू शकला नाही आणि अन्य काही राज्यांतील बंदीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

याउलट ‘मुघल-ए-आझम’चा कणाच दंतकथेचा आहे. अकबराच्या दरबारी इतिहासात अनारकलीचा उल्लेख नाही. लाहोरात तिच्या नावाने ओळखला जाणारा मकबरा आहे, १६११ च्या सुमारास तेथे गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने ऐकीव कहाणी टिपून ठेवली आहे आणि १९२२ साली इम्तियाज अली ताज यांनी त्या कहाणीवर उर्दू नाटक लिहिले. आसिफ यांच्या कथेचे मूळ या परंपरेत आहे. सलीमने बापाविरुद्ध बंड केले हे खरे. त्याने अलाहाबादेत स्वतःचा दरबार मांडला आणि १६०२ मध्ये अबुल फजलाचा खून वीरसिंह बुंदेल्याकरवी घडवून आणला. परंतु ते बंड सिंहासनासाठी होते, एखाद्या कनीजेच्या प्रेमासाठी नव्हे. इतिहासाच्या परीक्षकाने ‘मुघल-ए-आझम’ला नापास केले, तर त्याला दोष देता येणार नाही.

असे असूनही श्रेष्ठत्वाचा मान ‘मुघल-ए-आझम’लाच द्यावा लागतो. त्याचे कारण पृथ्वीराज कपूर यांचा घनगंभीर आवाज, मधुबालाचे सौंदर्य, नौशाद यांचे संगीत किंवा शीशमहालाचा झगमगाट एवढेच नाही. वैभवात ‘जोधा अकबर’ही उणा नाही. नितीन देसाई यांनी कर्जतला उभारलेले प्रासाद आणि ए. आर. रहमान यांचे संगीत यांची मातब्बरी कोणीही मान्य करील. दोहोंतील खरा भेद सत्तेकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे.

‘जोधा अकबर’मधील सम्राट देखणा, न्यायी आणि शिकण्यास उत्सुक आहे. त्याच्या हातून जोधेवर अन्याय होतो तो माहम अनगाच्या कपटामुळे. राज्यावर संकट येते ते शरीफुद्दीनच्या द्रोहामुळे. यात्राकराचा जाच त्याला उमगतो तो वेषांतर करून बाजारात गेल्यावर, आणि उमगताक्षणी तो कर रद्द होतो. राजा चांगला, भोवतालचे वाईट, अशी ही मांडणी आहे. दरबारी भाटांपासून आजच्या पक्षकार्यालयांपर्यंत सर्वांना ती प्रिय असते, कारण तीत सत्ताधीशाला स्वतःला कधीच उत्तर द्यावे लागत नाही. चित्रपट कोठे थांबतो हेही लक्षात घेण्याजोगे आहे. जिझिया उठल्यावर चारच वर्षांनी, फेब्रुवारी १५६८ मध्ये, चितोड पडला आणि अकबराच्या आज्ञेने तेथे कत्तल झाली. तीत बळी पडलेल्यांचा आकडा सुमारे ३०,००० असल्याचे खुद्द अबुल फजल सांगतो. यात्राकर उठविणारा आणि चितोडची कत्तल करविणारा पुरुष एकच होता. ‘जोधा अकबर’ने त्यातील अर्धा निवडला. निवडलेला भाग खोटा नाही; पण अर्ध्या माणसालाच पूर्ण म्हणून उभे करणे ही गोष्ट तपशिलाच्या चुकीपेक्षा गंभीर आहे.

आसिफ यांनी घटना कल्पित घेतल्या, परंतु सम्राटाला सूट दिली नाही. तेथे कपटी दासी बहार आहे, पण अन्यायाचे खापर तिच्यावर फुटत नाही. अनारकलीला साखळदंड घालणारा, पोटच्या मुलाला तोफेच्या तोंडी देण्यास सिद्ध होणारा अकबर हे सारे स्वतः, पूर्ण शुद्धीत आणि न्यायाच्या नावाने करतो. शासनाचा न्याय आणि माणसाचे प्रेम यांतील हा झगडा प्रेक्षकाला सोपे उत्तर देत नाही. दुर्गाबाई खोटे यांची जोधाबाई पत्नी आणि माता या दोन भूमिकांमध्ये अक्षरशः चिरडली जाते. राजनीतीची किंमत अंतःपुराला कशी मोजावी लागते, याचे असे दर्शन आपल्या पडद्यावर क्वचितच घडले आहे. आणि अखेरीस मृत्यूच्या दारात उभी असलेली कनीज आपल्या खुनाबद्दल बादशहाला क्षमा करते. क्षमा करण्याचा अधिकार राजाचा, असे सर्व राजनीतिशास्त्रे सांगतात. येथे तो अधिकार एका दासीने स्वतःकडे घेतला आहे आणि जगाचा मालक म्हणविणारा निरुत्तर झाला आहे. असा प्रसंग इतिहासात घडला नसेल. पण सत्ता आणि प्रजा यांच्या नात्याविषयीचे जे सत्य त्यात आहे, ते अनेक बखरी चाळूनही हाती लागणार नाही.

दोन्ही चित्रपटांतील कृष्णभक्तीचे प्रसंगही शेजारी ठेवून पाहावेत. ‘मुघल-ए-आझम’मध्ये जन्माष्टमी साजरी होते, सम्राट बाळकृष्णाचा पाळणा हलवितो आणि त्यावर कोणी भाष्य करीत नाही. फाळणीला अवघी १३ वर्षे झालेल्या देशात ही गोष्ट इतक्या सहजपणे दाखविली गेली आणि इतक्या सहजपणे स्वीकारली गेली. ‘जोधा अकबर’मध्ये हाच विषय विवाहापूर्वीची अट म्हणून येतो, राजकन्या स्वधर्म आणि महालात देवालय मागून घेते आणि त्यावर दरबारात चर्चा झडते. स्त्रीने मान ताठ ठेवून अट घालावी, हा त्या चित्रपटाचा मोठा गुण आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. परंतु जे १९६० मध्ये गृहीत धरता येत होते, ते २००८ मध्ये समजावून सांगावे लागले. हा दिग्दर्शकाचा दोष नव्हे; तो बदललेल्या समाजाचा हिशेब आहे.

‘मुघल-ए-आझम’ निर्दोष आहे, असा याचा अर्थ नाही. त्याची संवादशैली पारशी रंगभूमीची आठवण करून देणारी आहे आणि युद्धाचा भाग आज बोजड वाटतो. शिवाय शेवटी आसिफ यांचाही हात कचरला. ताज यांच्या नाटकात अनारकली भिंतीत चिणली जाते. चित्रपटात मात्र जुन्या वचनाची आठवण होऊन तिला भुयारातून गुपचूप सोडून देण्यात येते. बादशहाला निर्दयपणाच्या कलंकातून वाचविण्याची ही युक्ती आहे. पण तेथेही सम्राटाची सुटका पूर्ण होत नाही. मुलाला सत्य कधीच सांगता येणार नाही आणि जगाच्या दृष्टीने आपण क्रूरच राहू, हे ओझे त्याला वाहावे लागते.

ही तुलना केवळ रसिकांच्या करमणुकीची बाब नाही. गेल्या काही वर्षांत ऐतिहासिक चित्रपटांना भरती आली आहे आणि बहुसंख्य प्रेक्षकांचा इतिहासाशी संबंध शाळेनंतर पडद्यावरच येतो. या चित्रपटांत आपला तो देव आणि परका तो राक्षस, अशी सरळ वाटणी होऊ लागली आहे. प्रेक्षकही आपल्या पूर्वजांना किंचितही डाग लागलेला सोसत नाहीत. ‘पद्मावत’साठी कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावर उभारलेला देखावा मार्च २०१७ मध्ये, म्हणजे चित्रपट कोणी पाहण्यापूर्वीच, जाळण्यात आला. अशा वातावरणात दिग्दर्शकाने निर्दोष नायक निवडणे हे व्यवहाराला धरून असेल. पण त्यातून प्रेक्षकाला राज्यकर्त्याची आरती करण्याचीच सवय लागते. लोकशाहीत नागरिकाला दुसऱ्याच सवयीची गरज असते, ती राज्यकर्त्याला जाब विचारण्याची.

म्हणून ऐतिहासिक चित्रपटाला सनावळीबद्दल अवश्य टोकावे, पण तेवढ्यावर थांबू नये. त्याने आपल्या आवडत्या राजाला कोणत्या प्रश्नासमोर उभे केले, हेही विचारावे. ‘जोधा अकबर’ने सम्राटावर प्रेम करायला शिकविले. ‘मुघल-ए-आझम’ने त्याच्यावर प्रेम करीत असतानाही त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि या दोहोंतील अवघड काम हेच होते.