प्रतिष्ठेआधी सुरक्षितता : चळवळीच्या जुन्या गाडीचा हिशेब

६ डिसेंबर जवळ आला की गावोगावच्या गॅरेजमध्ये आपल्या माणसांची गर्दी होऊ लागते. कुणाची जुनी जीप, कुणाची ओम्नी, कुणाची सातव्या-आठव्या हातातून आलेली डिझेल गाडी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बोनेट उघडायचे, ऑईल बदलायचे, बाहेरून धुवायची, पुढे निळा झेंडा आणि मागच्या काचेवर बाबासाहेबांचा फोटो लावायचा की गाडी चैत्यभूमीला निघाली. आमचीही अशीच निघत असे. ज्यांच्या पूर्वजांना बैलगाडीत बसू दिले गेले नाही, त्यांची मुले आज स्वतःच्या गाडीचे स्टिअरिंग धरतात, ही गोष्ट लहान नाही. परंतु या अभिमानाच्या भरात आपण एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे पाठ फिरवली आहे आणि त्याची किंमत आपलीच माणसे मोजत आहेत. म्हणून आज हा विषय स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते.

चाळीसगाव हे आमचे गाव. आंबेडकरी इतिहासात या गावाची नोंद एका अपघातामुळे झाली आहे. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य या नात्याने बाबासाहेब खानदेशात आले होते. चाळीसगाव स्टेशनवर समाज त्यांना न्यायला आला. महारवाडा दूर होता. पाहुण्याला पायी नेणे समाजाला कमीपणाचे वाटले. टांगा मिळाला, पण महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला तो हाकण्याचा सराव नव्हता अशा आपल्याच माणसाच्या हाती लगाम दिला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांच्या पायाचे हाड मोडले.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. त्याच पुस्तिकेत १९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंगही आहे. वडिलांना भेटायला निघालेली ती लहान मुले महार आहेत असे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक बैलगाडी कशीबशी मिळाली. हे दोन्ही प्रसंग आपल्या व्याख्यानांतून वारंवार सांगितले जातात आणि ते सांगितलेच पाहिजेत. मात्र चाळीसगावच्या प्रसंगाचा शेवट सांगताना आपले वक्ते जातीच्या क्रौर्यापाशी थांबतात. बाबासाहेब तिथे थांबलेले नाहीत. आपल्या माणसांनी पाहुण्याची प्रतिष्ठा राखण्यासाठी एवढा खटाटोप केला, पण प्रतिष्ठेपेक्षा प्रवाशाची सुरक्षितता अधिक महत्त्वाची आहे हे ते विसरले, अशी नोंद त्यांनी केली आहे. टांगेवाल्यांच्या जातिद्वेषावर बोट ठेवतानाच त्यांनी आपल्याच लोकांची ही चूक प्रेमाने, पण स्वच्छ शब्दांत दाखवली. त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षे लोटली. आपण ती चूक सुधारली आहे काय?

आमच्या गाडीचेच उदाहरण घेतो. पुस्तकविक्री आणि गावोगावची प्रबोधन शिबिरे यांसाठी आम्ही पाच कार्यकर्त्यांनी मिळून २०१८ साली एक स्टेशन वॅगन घेतली. २००७ चे मॉडेल, डिझेल, किंमत ८५ हजार रुपये. स्टेशन वॅगन म्हणजे जिचे छत मागच्या दारापर्यंत सरळ गेलेले असते अशी लांब गाडी. मागची सीट आडवी केली की पुस्तकांचे पंधरा-वीस खोके, सतरंजी, बॅनर, लाऊडस्पीकर असे सारे मावते.

आपल्या देशात ही गाडी कधी रुजली नाही. १९९२ साली टाटा इस्टेट आली, पुढे २००४ च्या सुमारास इंडिगो मरीना आली, पण पैसेवाल्या ग्राहकाला ती सामानाची गाडी वाटली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आला आणि लांब गाडीचे गणित आणखी बिघडले. ज्या गाडीला नवी असताना मागणी नाही, तिला जुन्या बाजारात भाव नाही. म्हणूनच ती आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली. प्रस्थापितांनी नाकारलेली वस्तू आपल्या कामाची ठरते, याचे हे एक उदाहरण.

६ डिसेंबरसाठी रेल्वे विशेष गाड्या सोडते, एसटीही आहे. पण पुस्तकांचे खोके घेऊन त्या गर्दीत चढता येत नाही. मालेगाव, नाशिक, इगतपुरी, कसारा घाट, भिवंडी असा तीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता. जाऊन-येऊन सुमारे चार हजारांचे डिझेल. शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर पुस्तके विकली गेली की हा खर्च निघतो. येथपर्यंतचा हिशेब प्रत्येकाला येतो. पुढचा हिशेब येत नाही, अडचण तिथेच आहे.

जुनी गाडी घेणे स्वस्त आहे, चालवणे स्वस्त नाही. पहिल्या वर्षी आम्ही वर्गणी जमवली, ती गाडीला निळा रंग मारण्यात आणि नाव घालण्यात गेली. मिस्त्रीने टायमिंग बेल्ट बदलायला सांगितला होता. पैसे नाहीत म्हणून आम्ही पुढे ढकलले. तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, रंगाला पैसे होते तर बेल्टला का नाहीत?" हा बेल्ट बाहेरून दिसत नाही. पण आमच्यासारख्या इंजिनात तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि साडेचार हजारांत होणारे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. आमचा बेल्ट सिन्नर फाट्याच्या अलीकडे रात्री दोन वाजता तुटला. सहा माणसे आणि पुस्तके थंडीत रस्त्याच्या कडेला सकाळपर्यंत बसली. कार्यक्रम गेला, पैसे गेले. माणसे वाचली, कारण ती जागा सपाट रस्त्याची होती. तीच गोष्ट कसारा घाटात झाली असती तर?

घाटाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा पाय दाबताच संपते, मग ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक ऑईल वर्षानुवर्षे बदललेले नसेल तर त्यात ओलावा शिरतो, ते तापून उकळते आणि ऐन वळणावर पाय पोकळीत गेल्यासारखा खाली जातो. पुस्तकांचा बोजा असेल तर हे आणखी लवकर होते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ट्रकड्रायव्हरांचा नियम आहे. टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला असे मानू नये. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१४' लिहिले असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. इतक्या जुन्या रबरावर माणसांनी भरलेली गाडी समृद्धी महामार्गावर पळवणे हा अपराध आहे.

आता कागदपत्रांकडे वळू. शेजारच्या तालुक्यातील आमचा एक कार्यकर्ता अशाच एका प्रवासात गाडी उलटून कायमचा जायबंदी झाला. गाडी तीन वेळा विकली गेली होती, पण आरसी बुकावर नाव पहिल्या मालकाचे. विमा फक्त थर्ड पार्टी. त्याच्या घरच्यांच्या हाती काही पडले नाही. त्या घटनेनंतर आम्ही आमची पॉलिसी काढून पाहिली. तीही तशीच होती! चार वर्षे आम्ही सहा-सहा माणसे घेऊन फिरत होतो आणि त्यांतल्या एकालाही संरक्षण नव्हते.

बांधवांनो, थर्ड पार्टी विमा म्हणजे गाडीने बाहेरच्या माणसाचे नुकसान केले तर मिळणारे संरक्षण. खासगी गाडीत स्नेहाने, फुकट बसलेला माणूस त्यात येत नाही. स्कूटरवर मागे बसलेल्या व्यक्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच सांगितले. पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीतील माणसे त्यात येतात, हे २०१२ साली त्याच न्यायालयाने मान्य केले. दोन्ही पॉलिसींना आपण 'इन्शुरन्स आहे' एवढेच म्हणतो. जुन्या गाडीला पॅकेज पॉलिसी द्यायला कंपन्या खळखळ करतात. मिळत नसेल तर गाडीतील बसणाऱ्यांसाठी वैयक्तिक अपघाताचे जादा संरक्षण मागून घ्यावे. शिवाय बँक खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या प्रत्येकाला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी सरकारी योजना २०१५ पासून आहे. २० रुपये! आपल्या बॅनरवरच्या एका फोटोचीही ही किंमत नाही.

गाडी विकली की मोटार वाहन कायद्याप्रमाणे नाव बदलून घ्यावे लागते. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक, गाडी कितीही हात फिरली तरी भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा जुनी गाडी विकून मोकळा झालेला माणूसही मोकळा झालेला नसतो. कायद्याच्या बळावर आपण माणूस म्हणून उभे राहिलो. तोच समाज स्वतःच्या गाडीच्या कागदाबाबत 'चालतंय की' म्हणतो, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभणारे नाही.

याचा अर्थ सरकारचे धोरण निर्दोष आहे असा नव्हे. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर नेले गेले. वीस वर्षांवरील गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १० हजार करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. २०२१ साली भंगार धोरण आले; जुनी गाडी मोडीत काढली तर नव्या गाडीवर सवलत, असे त्याचे स्वरूप आहे. पण ज्याला नवी गाडी घेताच येत नाही त्याला या सवलतीचा उपयोग काय? जुन्या गाडीचा धूर वाईट, हे आम्हाला मान्य आहे. तो धूर सर्वांत आधी रस्त्याकडेच्या आमच्याच वस्तीतील लेकरांच्या छातीत जातो. म्हणून धूर मोजा, ब्रेक तपासा, नापास झाली तर गाडी बंद करा. परंतु केवळ वय पाहून दंड लावणे म्हणजे ज्यांच्या घरात पहिल्यांदाच चाके आली त्यांच्याकडून ती काढून घेणे होय. शुल्क गाडीच्या अवस्थेवर असावे, ही मागणी आंबेडकरी संघटनांनी लावून धरली पाहिजे. मात्र अशी मागणी करणाऱ्याची स्वतःची गाडी तपासणीत पास होणारी हवी, अन्यथा आपल्या बोलण्याला वजन कसे येणार?

आम्ही आता एक नियम केला आहे. गाडीच्या नावाने वेगळी वही आहे. जो कार्यक्रम गाडी वापरेल तो डिझेलशिवाय किलोमीटरमागे तीन रुपये देखभाल निधीत टाकतो. ही रक्कम आमच्याच संस्थेच्या कामातून वळती होते, गाडीत बसणाऱ्यांकडून भाडे म्हणून घेतली जात नाही. कारण पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेतले की विमा कंपनीला हात वर करण्याची संधी मिळते. या निधीतून विमा, बेल्ट, टायर, क्लच प्लेट. झेंडा आणि फोटो सर्वांत शेवटी. २०२२ साली ५ हजार भरून फेरनोंदणी केली. २०२७ ला पुन्हा तपासणी आहे. तेव्हा पास झाली तर चालवू, नाहीतर सन्मानाने मोडीत देऊ. तोपर्यंत रात्री बारा ते चार या वेळात ती रस्त्यावर येणार नाही, हेही ठरले आहे.

आपल्या नेत्यांच्या ताफ्यातील नव्या गाड्यांवर येथे टीका करायची नाही. पण गाडी नवी की जुनी, यावरून कार्यकर्त्याची पत ठरवण्याचा जो रोग चळवळीत शिरला आहे, तो जुन्या गाडीवाल्याला रंग मारायला लावतो आणि बेल्ट विसरायला लावतो. चाळीसगावला आमच्या आजोबांच्या पिढीने पाहुण्याच्या मानासाठी नवशिक्याच्या हाती लगाम दिला. त्यांच्यापुढे जातीने दुसरा रस्ता ठेवला नव्हता. आपल्यापुढे रस्ता आहे, लायसन आहे, कायदा आहे, वही आहे. तरीही आपण तेच करत असू, तर दोष टांगेवाल्यांवर टाकता येणार नाही.

चैत्यभूमीला निघण्यापूर्वी या वर्षी गाडीची काच पुसण्याआधी तिची पॉलिसी उघडून वाचा. तिच्यात बसणाऱ्या प्रत्येक माणसाला घरी सुखरूप आणणे, हेही अभिवादनच आहे.

जयभीम!