उत्तरांच्या फाईलीत मराठी हवी

लॅबमधल्या 40 संगणकांवर लिनक्स बसवायचं, तर आता पेन ड्राइव्ह घेऊन प्रत्येकापाशी बसावं लागत नाही. संगणक सुरू होताच सर्व्हरकडून नेटवर्कचा पत्ता घेतो, इन्स्टॉलर उतरवून घेतो. मग प्रश्न येतात : भाषा कोणती? कीबोर्ड कोणता? डिस्कचे भाग कसे? डेबियनमध्ये त्यांची उत्तरं ‘प्रीसीड’ नावाच्या साध्या फाईलीत आधीच लिहून ठेवतात. रेड हॅटमध्ये तिला ‘किकस्टार्ट’ म्हणतात. काम झटपट होतं. पण त्या फाईलीत जे नसेल, ते 40 पैकी एकाही संगणकावर येत नाही. आणि मागाहून हातानं बसवायला वेळ कुणाला असतो?

म्हणून ही फाईल एकट्या तंत्रज्ञावर सोडू नये, असं माझं मत आहे. इंग्रजी राहू द्या की! पण डेबियनच्या पॅकेजांच्या ओळीत ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ घाला, कीबोर्डच्या ओळीत इंग्रजीच्या जोडीला देवनागरी लिहा. आपण सीमाभागातले, तेव्हा कन्नडही असू द्या. मुलं मराठी रोमन लिपीत लिहितात म्हणून नावं ठेवण्याआधी लॅबच्या सरांना एवढंच विचारू या : “सर, त्या फाईलीत मराठी आहे ना?”