नागीण आणि नातवंडे

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या ७२ वर्षांच्या सासूबाईंना पाठीपासून पोटापर्यंत नागीण उठली आहे. घरात आठ महिन्यांचा नातू आहे. शेजारच्या जाणत्यांनी सांगितले, ‘नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस हाती लागत नाही, उतरवणाऱ्याकडे न्या.’ भगिनींनी दोन गोष्टी विचारल्या आहेत : उतरवणाऱ्याकडे न्यावे काय, आणि नातवाला आजीपासून दूर ठेवावे काय.

पहिल्याचे उत्तर लगेच देतो. नेऊ नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. दुसऱ्याचे उत्तर समजण्यासाठी मात्र आपल्याला थोडे मागे, सासूबाईंच्या बालपणात जावे लागेल.

आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या आहेत. अंथरुणात कडुलिंबाचा पाला, खाजवू नये म्हणून आईची दटावणी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा शाळा. रोग गेला असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात त्याचा विषाणू गेला नव्हता. अंगावर फोड असतानाच तो त्वचेतील मज्जातंतूंतून आत शिरला आणि पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या ज्या लहान गाठी असतात, तेथे जाऊन निपचित पडला. शरीराने त्याला मारले नाही, नजरकैदेत ठेवले. रक्तातील ‘टी’ जातीच्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखून असतात. तो हालचाल करू लागला की त्या दाबून टाकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

वय वाढते तसे हे पहारेकरी कमी होतात. येथे एक बारकावा आहे. कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडे म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातही चांगली टिकून असतात, म्हणून कांजिण्या सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत. पण पेशीच्या आत दडलेल्या विषाणूपर्यंत प्रतिपिंडे पोहोचत नाहीत. ते काम टी पेशींचे, आणि उतारवयात नेमक्या त्याच दुबळ्या होतात. कर्करोगाचे उपचार किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे यांनीही त्या मंदावतात. मग विषाणू जागा होतो, ज्या मज्जातंतूने आत गेला त्याच वाटेने त्वचेकडे परततो आणि त्या एकाच तंतूच्या पट्ट्यात फोड उठतात.

‘तोंड-शेपटी’च्या भीतीचे उत्तर येथेच आहे. कण्यातून निघणारा प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरतो आणि छाती-पोटाच्या मध्यरेषेवर संपतो. म्हणून नागीण अर्ध्या वर्तुळापाशी थांबते. उतरवणाऱ्याचे यशही यातूनच येते. फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात. गेरू लावा, दूर्वांचा लेप लावा किंवा काहीच लावू नका. श्रेय मात्र मंत्राला मिळते आणि दरम्यान औषधाची वेळ निघून जाते.

ही वेळ फार थोडी असते. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. असायक्लोव्हिर हे त्यांतील जुने औषध. ज्यांच्या संशोधनपरंपरेतून ते निघाले, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून मधुमेह अथवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आवर्जून सांगावा. फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. डोळा जाऊ शकतो.

आता एक कबुली देतो. माझ्या आईला ७६व्या वर्षी डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली ठणका लागला. मी हृदयाचा आलेख काढला, तो नीट होता. स्नायू धरला असेल म्हणून मलम दिले. आग होते, पदर टेकवत नाही, असे ती दोनदा म्हणाली. पाठ उघडी करून पाहण्याचे मला, डॉक्टर असून, सुचले नाही. पाचव्या दिवशी तिला अंघोळ घालणाऱ्या बाईंनी फोड पाहिले. तोवर ते पिकत आले होते. फोड महिन्याभरात सुकले. वेदना पुढे दीड वर्ष राहिली. पंख्याचा वारा लागला तरी ती कळवळे. नागिणीत वेदना पुष्कळदा फोडांच्या दोन-तीन दिवस आधी सुरू होते आणि हृदय, पित्ताशय, मुतखडा अशा भलत्याच दिशा दाखवते, हे मी पुस्तकात वाचलेले होते. म्हणून आपल्या घरातील वृद्ध एका बाजूची आग किंवा टोचणी सांगू लागले, तर रोज कपडा बाजूला करून त्वचा पाहा. संकोचाने ते स्वतः दाखवणार नाहीत.

मागे उरणाऱ्या या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. मज्जातंतूंवर काम करणारी निराळी औषधे असतात. त्यांनी गुंगी येते, तोल जातो. रात्री बाथरूमला उठताना सोबत असावी.

आता नातवाचा प्रश्न. इंग्लंडातील एक गावडॉक्टर, एडगर होप-सिम्पसन, यांनी सोळा वर्षे आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवून १९६५ साली मांडले, की नागीण बाहेरून येत नाही, ती जुन्या कांजिण्यांचीच जाग आहे. वस्ती विरळ असलेल्या लहान बेटावरही कांजिण्या कशा टिकतात याचा उलगडा त्यातून झाला : आजोबांच्या मज्जातंतूत विषाणू पन्नास वर्षे राहतो, नागिणीच्या रूपाने वर येतो आणि फोडांच्या पाण्यातून पुढच्या पिढीतील मुलाला लागतो. त्या मुलाला मात्र नागीण होत नाही, कांजिण्या होतात. आणि ज्या आजोबांना कांजिण्या येऊन गेल्या आहेत, त्यांना शेजारच्या रुग्णाची नागीण लागत नाही.

तेव्हा भगिनी, बाळाला मामाच्या गावी धाडण्याची गरज नाही. फोड स्वच्छ कोरड्या कापडाने झाकलेले ठेवावेत, टॉवेल व पांघरूण वेगळे असावे, हात साबणाने धुवावेत, आणि सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, आजींनी बाळाला मांडीवर घेऊ नये. खपली धरली की संसर्ग संपला. फोडांचे पाणी बाळाला लागले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना आजच सांगा. कांजिण्या दहा ते एकवीस दिवसांनी उमटतात. आपल्याला स्वतःला कांजिण्या येऊन गेल्या आहेत का, हेही आईला विचारून घ्या. आल्या नसतील, किंवा घरात गर्भवती स्त्री वा केमोथेरपी घेणारी व्यक्ती असेल, तर जखमेची सेवा दुसऱ्या कुणी करावी. अंगभर विखुरलेले फोड उठले, तर हे नियम पुरत नाहीत. तेव्हा रुग्णालयच गाठावे.

लसीबद्दलही पुष्कळ जण विचारतात. पन्नाशीनंतर घ्यावयाची, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रांची लस २०२३पासून भारतात मिळते. मोठ्या चाचण्यांत तिने सत्तरीपुढच्यांनाही सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. ती महाग आहे, आणि दंड दुखणे, कणकण हे एक-दोन दिवस होते. नागीण एकदा होऊन गेलेल्यांनाही, बरे झाल्यावर, ती घेता येते. आपल्या सासूबाईंसाठी हा विचार नंतर करू. आज त्यांच्या फोडांचा कितवा दिवस आहे, ते मोजा.