मोडशीचं फ्रेंच रूप

जुन्या युरोपीय प्रवासवर्णनांत पटकीसाठी एक विचित्र फ्रेंच नाव सापडतं: ‘मॉर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचं मरण. रोग्याचे हाल पाहून कुणी फ्रेंचाने ते ठेवलं असेल असं वाटतं. पण तो शब्द आपला आहे, मोडशी.

1543 साली गोव्यात आलेल्या साथीचं वर्णन गास्पार कोरैया या पोर्तुगीज बखरकाराने केलं आहे. उलट्या, न भागणारी तहान, पायांत गोळे, काळी पडलेली नखं. माणूस एका दिवसात जाई, शंभरातले दहाही वाचत नसत. चर्चच्या घंटा दिवसभर वाजू लागल्या, तेव्हा लोक धास्तावतील म्हणून गव्हर्नरने त्यांवर बंदी घातली. एक प्रेत उघडूनही पाहिलं गेलं. आक्रसलेल्या, सुरकुतलेल्या जठरापलीकडे वैद्यांना काही दिसलं नाही. या रोगाचं इथल्या लोकांच्या तोंडचं नाव कोरैयाने टिपून ठेवलं, ‘मोर्शी’.

1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सरळ सांगतो, की इथले लोक ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही ते बिघडवून ‘मोर्देशी’ करतो. या सरळपणासाठी मला ओर्ता फार आवडतो. त्याच बिघडलेल्या रूपात पुढे फ्रेंचांना कुत्रं ऐकू आलं. युल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने हा माग उलटा काढत ‘मोडणे’ या मराठी क्रियापदापर्यंत नेला.

पटकीच्या ‘कॉलरा’ या नावाच्या मुळाशी ग्रीक ‘खोले’ आहे, म्हणजे पित्त. खवळलेलं पित्त हेच रोगाचं कारण, असं पूर्वी मानत. 1884 मध्ये रॉबर्ट कॉखने कोलकात्यात जिवाणू दाखवला आणि पित्त निर्दोष ठरलं. आयुर्वेदातली ‘विसूचिका’ सुया टोचल्यासारख्या वेदनेवरून आली. मोडशीही कारण सांगायला जात नाही. ताप चढताना अंग मोडून येतं, तेच मोडणं. धडधाकट माणूस काही तासांत मोडून पडतो, एवढंच ती सांगते. मला हे नाव ग्रीक नावापेक्षा खरं वाटतं.

आता मोडशी म्हणजे अजीर्ण, सुंठ-लिंबाने उतरणारं. तरीही गावाकडची एखादी आजी दवाखान्यात ‘मोडशी झाली’ म्हणाली, तर तरुण डॉक्टरांनी अपचनाची गोळी लिहिण्याआधी विचारावं: जुलाब किती झाले, पायांत गोळे येतात का, लघवी कधी झाली?