कॅल्सी खाली ठेवा!

हेक्झाडेसिमल दिसलं की आपला हात आधी कॅल्सीकडे जातो. मोड दाबायचा, दशमानात आणायचं, मग विचार. मित्रांनो, इथेच आपण फसतो!

आमच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "कॅफेबेबला ३ ने भाग जातो का?" (जावाच्या प्रत्येक क्लास फाईलचे पहिले चार बाईट ते हेच: सी, ए, एफ, ई, बी, ए, बी, ई.) अख्खी बॅच गप्प. कॅल्सी बाहेर बॅगेत होता ना!

शाळेत ९ ची कसोटी शिकलो, अंकांची बेरीज करायची. ती चालते, कारण १० ला ९ ने भागलं की बाकी १ उरते. इथे पाया १६, म्हणून तीच कसोटी १५ ला लागू पडते, आणि १५ सोबत ३ नि ५ फुकट! १२+१०+१५+१४+११+१०+११+१४ = ९७. १५ ने भागून बाकी ७, म्हणजे ३ ने बाकी १, ५ ने बाकी २. भाग जात नाही. दशमानात ही संख्या ३४०५६९१५८२, हवं तर ताडून बघा. शेवटचा अंक ई म्हणजे १४, म्हणून २ ने जातो, ४ ने नाही. मेमरी ॲड्रेस ४ च्या पटीत आहे का, तेही असंच एका नजरेत कळतं.

सर, पेपरात 'रूपांतर करा' पुरे झालं. 'रूपांतर न करता सांगा' असंही विचारा की! आम्ही कुरकुर करू, ते आधीच सांगून ठेवतो.